जुने संगणक मासिक जपताना जाहिरातीही जपा

१९८८ साली घरात किंवा छापखान्यात संगणक आणायचा तर किती पैसे मोजावे लागत? त्यात मेमरी किती मिळायची? पडद्यावर देवनागरी उमटवायला वेगळे कार्ड बसवावे लागे, ते कोण विकत असे? संगणकाच्या इतिहासावरच्या पुस्तकांत याची उत्तरे सहसा नसतात. ती असतात त्या काळच्या संगणक मासिकांत, आणि तिथेही लेखांत कमी, जाहिरातींत जास्त. १९८८ मध्येच पुण्यात सीडॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि तिच्या जिस्ट तंत्रज्ञानामुळे डॉसवर चालणाऱ्या साध्या संगणकात भारतीय लिप्या आल्या, एवढे आज दोन ओळींत सांगता येते. पण लहान गावातल्या छापखानदाराला ते परवडत होते का, हे जाणून घ्यायचे तर जाहिरातीतली किंमत, विक्रेत्याचा पत्ता आणि शेजारच्या पानावरची प्रतिस्पर्ध्याची जाहिरातच बघावी लागते.

ज्यांच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी किंवा कार्यालयाच्या अडगळीत अशा मासिकांचे गठ्ठे पडून आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रद्दीवाल्याला ते किलोच्या भावाने जातात, आणि एकदा लगद्यात गेलेला अंक परत मिळत नाही. तो स्कॅन करून कुणालाही फुकट वाचता येईल अशा ठिकाणी ठेवणे घरच्या घरी जमण्यासारखे आहे. मात्र ते नीट करायचे असेल तर काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे काय जपायचे. आधी परदेशी मासिके बघू. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या जानेवारी १९७५च्या मुखपृष्ठावर आल्टेअर ८८०० हा संगणक झळकला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'बाइट' मासिक सुरू झाले. 'बाइट'चा छापील अंक १९९८च्या जुलैपर्यंत निघत राहिला. १९८३-८४च्या सुमारास त्याच्या काही अंकांना सहाशेहून अधिक पाने असत. 'क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग', 'डॉ. डॉब्ज जर्नल', 'कॉम्प्यूट!', ब्रिटनमधले 'पर्सनल कॉम्प्युटर वर्ल्ड', स्पेक्ट्रम संगणकवाल्यांचे 'क्रॅश' ही सगळी मासिके तिथल्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे खपून जालावर आणली आहेत. स्मॉलटॉक भाषेवरचा, मुखपृष्ठावर रंगीत फुगा असलेला 'बाइट'चा ऑगस्ट १९८१चा अंक तुमच्याकडे असेल तर तो जिवापाड जपा, पण स्कॅन करायला पहिला तो घेऊ नका. तो आधीच सुरक्षित आहे.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' १९६९ पासून निघते, 'डेटाक्वेस्ट' १९८२ मध्ये आले, 'पीसीक्वेस्ट' १९८७ मध्ये. भारतात निघणारे 'चिप' पुढे 'डिजिट' झाले आणि २००१ पासून त्या नावाने घराघरांत पोचले. याखेरीज विक्रेत्यांच्या किंमतपत्रिका, प्रदर्शनांच्या स्मरणिका, शाळा-महाविद्यालयांच्या संगणक मंडळांची चार-आठ पानी पत्रके, प्रशिक्षण वर्गांची माहितीपुस्तके असा मोठा ऐवज आहे, आणि त्याची नोंद ठेवायची कुणाला गरजच वाटली नाही. माझ्या मते कामाचा क्रम नेमका इथून, शेवटाकडून लावावा. कुठल्याशा गावातल्या संगणक मंडळाचे सायक्लोस्टाइल केलेले पत्रक जगात एकाच घरात उरलेले असू शकते. मग १९८४ ते १९९५ या काळातले भारतीय अंक घ्यावेत. १९८४च्या नोव्हेंबरमध्ये नवे संगणक धोरण आले आणि आयात सुलभ झाली, १९८४-८५ पासून 'क्लास' प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक पोचू लागले, आणि १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. या अकरा वर्षांत संगणक प्रयोगशाळेतून दुकानात आणि दुकानातून घरात आला. तो प्रवास महिन्या-महिन्याने टिपलेला कागद म्हणजे हे अंक.

आधी शोधा

स्कॅनरला हात लावण्याआधी एक संध्याकाळ शोधाशोधीला द्या. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या इंटरनेट अर्काइव्हवर संगणक मासिकांचा वेगळा विभाग आहे. 'इन्फोवर्ल्ड' आणि 'पीसी मॅगझिन'चे कितीतरी अंक गूगल बुक्सवर पूर्ण वाचता येतात. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांसाठी बिटसेव्हर्स आहे, आणि रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या मासिकांसाठी वर्ल्ड रेडिओ हिस्ट्री. मासिकाच्या नावासोबत महिना आणि वर्ष टाकून शोधा. नाव दोन-तीन प्रकारे लिहून बघा, कारण चढवणाऱ्याने 'पीसी क्वेस्ट' असे तोडून लिहिले असेल तर जोडून लिहिलेले सापडणार नाही.

अंक सापडला म्हणून लगेच पुढे जाऊ नका. तो उघडून शेवटपर्यंत चाळा. कुणी जाहिराती वगळलेल्या असतात, कुणी रंगीत पाने काळी-पांढरी केलेली असतात, तर कुठे मधली घडीची पाने गायब असतात. काही वेळा प्रत इतकी दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते की प्रोग्रॅममधला स्वल्पविराम आणि पूर्णविराम वेगळे ओळखू येत नाहीत. अशा वेळी त्याच अंकाची चांगली प्रत नव्याने करणे पूर्णपणे योग्य आहे. आधीचा नीट असेल तर मात्र तुमचा वेळ दुसऱ्या अंकाला द्या.

परवानगी: फॉर्म चार बघा

या कामातला सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग म्हणजे कॉपीराइट, म्हणून त्यावर जरा थांबतो. भारतीय कायद्यानुसार (१९५७) लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि निनावी लेखनाला प्रकाशनापासून ६० वर्षे संरक्षण असते. म्हणजे 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू'च्या पहिल्या वर्षातली पानेही अजून मुक्त झालेली नाहीत. मासिक बंद पडले म्हणून हक्क संपत नाही. कंपनी विकली गेली तर तो नव्या मालकाकडे जातो. परदेशी मासिकांनाही भारतात संरक्षण असते. 'जुने आहे, कोण विचारतो' या भरवशावर सगळे अंक चढवून ठेवले तर एक दिवस ते सगळे एकदम उतरवले जाऊ शकतात, आणि मग केलेली मेहनत कुणाच्याच उपयोगाची राहत नाही.

सुदैवाने मालक शोधायची किल्ली अंकातच असते. आपल्या देशात प्रत्येक नियतकालिकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि मालक यांची नावे छापण्याची सक्ती १८६७च्या कायद्यापासून होती. ही ओळ बहुधा अनुक्रमणिकेच्या पानाच्या तळाशी किंवा शेवटच्या पानावर बारीक टाइपात असते. त्याहून उपयोगाचा आहे तो 'फॉर्म चार'. दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात, म्हणजे सहसा मार्चच्या अंकात, नियतकालिकाला मालकीचे निवेदन छापावे लागे. त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदारांची नावे आणि पत्ते असत. म्हणून गठ्ठ्यातले मार्चचे अंक आधी बाजूला काढा. मालकीचा माग तिथून सुरू होतो.

'डेटाक्वेस्ट' आणि 'पीसीक्वेस्ट' काढणारी सायबर मीडिया आजही प्रकाशन व्यवसायात आहे. 'डिजिट' आधी ९.९ समूहाकडे होते, पुढे ते टाइम्स नेटवर्ककडे गेले. पत्र लिहिताना गोलमोल लिहू नका. कुठले अंक, कुठल्या वर्षांचे, ते आधीच तुमच्याकडे आहेत, कुठे ठेवणार, वाचकाकडून पैसे घेणार नाही, जाहिराती लावणार नाही, आणि हवे तेव्हा काढून टाकाल, हे सारे एका पानात मांडा. मालकाला पूर्ण स्कॅनची प्रत फुकट देऊ करा. अनेक प्रकाशकांकडे स्वतःचेच जुने अंक उरलेले नसतात. होकार आला तर तो ईमेलवर लेखी घ्या आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा नेमका कुठला परवाना चालेल, हेही विचारा. एक बारकावा लक्षात ठेवा. कलम १७नुसार मासिकाच्या नोकरीत असलेल्या लेखकाने मासिकासाठी लिहिलेल्या मजकुराच्या प्रकाशनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. बाहेरून लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्याकडेच राहिलेला असू शकतो. स्तंभलेखक हयात असेल तर त्यालाही विचारा. जुना लेख कुणीतरी जपतो आहे हे कळल्यावर लेखकाला आनंदच होतो.

मालक सापडत नसेल, किंवा उत्तर येत नसेल, तर दुसरा रस्ता ग्रंथालयाचा. २०१२च्या दुरुस्तीनंतर कलम ५२मध्ये अशी तरतूद आली की विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या ग्रंथाची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवता येते. तेव्हा अंक जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला रीतसर देणगी द्या, दाखल-नोंद करून घ्या, आणि त्यांच्या वतीने स्कॅनिंग करा. यातून जगभर खुले वाचन लगेच मिळत नाही, पण वस्तू वाचते, कायद्याच्या चौकटीत वाचते, आणि परवानगी मिळेल किंवा कॉपीराइटची मुदत संपेल, यांपैकी जे आधी होईल तेव्हा खुली करता येते. जपणे आणि खुले करणे ही दोन कामे आहेत, आणि पहिल्यासाठी दुसऱ्याची वाट बघायचे कारण नाही. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी ज्या चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या, त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. एखाद्या वर्षाचे दोन अंक तुमच्याकडे नसतील तर तिथे विचारणा करून बघा.

परवानगीचे चांगले उदाहरण हवे असेल तर डेव्हिड आल यांचे बघा. 'क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग' मासिक त्यांनीच काढले, आणि त्यांच्या बेसिकमधल्या खेळांच्या पुस्तकावर एक पिढी प्रोग्रॅमिंग शिकली. ते पुस्तक त्यांनी २०२२ मध्ये सर्वांसाठी मुक्त केले. कुणीतरी विचारायला हवे, इतकेच.

कागद हाताळताना

स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. तो आपोआप पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. त्यात आपला पावसाळा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो घेऊ नका. दमट गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई निघून येते. बुरशी दिसली तर मुखपट्टी लावून, मोकळ्या हवेत, सावलीत अंक सुकवा. उन्हात ठेवू नका. कोरड्या मऊ कुंचल्याने झाडा, ओल्या फडक्याने पुसू नका. कसर किंवा वाळवी लागलेला गठ्ठा बाकीच्यांपासून दूर ठेवा. सेलोटेपने फाटके पान जोडण्याचा मोह टाळा. काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन अक्षरांवर पसरतो.

अंक उघडायचा कसा, हा प्रश्न मधोमध पिना मारलेल्या अंकाला सोपा आहे. पिनेची टोके मागून बोथट सुरीने हलकेच उचलून सरळ करा, पिन बाहेर काढा, पाने सुटी होतात आणि काम झाल्यावर पुन्हा शिवता येतात. गंजलेली पिन ओढू नका. ती कागद घेऊन येते. इथे एक हिशेब कामाला येतो. अशा अंकाची पाने चारच्या पटीत असतात, आणि एका कागदावरच्या समोरासमोरच्या दोन पानांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकने जास्त येते. ६४ पानी अंकात ३ आणि ६२ एकाच कागदावर असतात. म्हणून पान ३-४ गळलेले दिसले तर ६१-६२ही सुटलेले आहे का, ते लगेच तपासा.

गोंदाने बांधलेल्या जाड अंकाचा प्रश्न खरा अवघड. कणा कापून पाने सुटी केली तर स्कॅन सपाट, स्वच्छ आणि भराभर होते. छापखान्यातले कटिंग यंत्र ते एका फटक्यात करते. पण अंक मोडतो. माझा निर्णय असा: ज्या अंकाच्या आणखी प्रती ठाऊक आहेत, आणि तुमची प्रत तशीही फाटकी आहे, तो कापायला हरकत नाही. ज्याची दुसरी प्रत कुठे दिसली नाही तो कधीच कापू नये, मग स्कॅन थोडे वाकडे आले तरी चालेल. वार्षिक बांधणी केलेल्या खंडांबाबत तर आणखी सांभाळा. जुने बाइंडर कडा कातरत असत, त्यामुळे तिथे समास आधीच कमी असतो.

स्कॅनर आणि आकडे

सपाट काचेचा स्कॅनर घेताना तो सीसीडी प्रकारचा आहे का, हे विचारा. पातळ आणि स्वस्त सीआयएस स्कॅनरमध्ये काचेपासून जरा उचललेला भाग धूसर येतो. बांधलेल्या अंकाच्या कण्याजवळच्या ओळी नेमक्या तिथेच असतात. सुटी पाने असतील तर आपोआप कागद ओढणारा स्कॅनर वेळ वाचवतो, पण दोन पाने एकत्र ओढली जातात आणि काचेवरचा धुळीचा एक कण प्रत्येक पानावर उभी रेघ काढतो. दर वीस-पंचवीस पानांनी काच पुसा.

तीनशे डीपीआय (दर इंचाला ठिपके) हे किमान धरा. बारीक टाइपातल्या प्रोग्रॅमसाठी आणि जाहिरातींसाठी चारशे ठेवा. रंगीत चित्रांवर छपाईच्या ठिपक्यांमुळे लाटा दिसत असतील तर सहाशेने स्कॅन करून नंतर लहान करा. सगळे रंगीत घ्या, काळी-पांढरी पानेसुद्धा. पिवळा पडलेला कागद, पेन्सिलने केलेली खूण, निळ्या शाईतली दुरुस्ती यांतून अंक कसा वापरला गेला ते कळते. पातळ कागदावर मागची छपाई दिसते. पानामागे काळा जाड कागद ठेवला की ती बरीच कमी होते. जागेचा अंदाज आधी घ्या. ए-४ आकाराचे एक रंगीत पान चारशे डीपीआयवर, न दाबता, सुमारे ४६ एमबी भरते. दीडशे पानांचा अंक म्हणजे जवळजवळ सात जीबी. मूळ स्कॅन टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा, आणि वाचनासाठीची हलकी पीडीएफ त्यातून काढा. उलटे होत नाही.

मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत सगळे घ्या: आतल्या बाजू, कोरी पाने, वर्गणीचे कार्ड, मध्ये घातलेली पत्रके. जाहिराती वगळून 'फक्त कामाचे लेख' ठेवणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की असे करू नका. लेखातली माहिती पुढे कुठल्या ना कुठल्या पुस्तकात आलेली असते. एचसीएलच्या बिझीबीची जाहिरात, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीची जाहिरात, एखाद्या गल्लीतल्या फ्लॉपी विक्रेत्याची चौकट मात्र फक्त तिथेच आहे.

काढून टाकायची एकच गोष्ट असते, ती म्हणजे वर्गणीदाराच्या पत्त्याची चिकटपट्टी. ती निघत असेल तर काढा. निघत नसेल तर मूळ स्कॅन तसेच ठेवून जालावरच्या प्रतीत नाव-पत्ता झाका. वाचकांच्या पत्रांखालच्या घरगुती पत्त्यांबाबतही तोच विवेक ठेवा.

पाने सरळ करायला आणि कडा कापायला स्कॅनटेलर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. कागद पांढराशुभ्र करण्याच्या मागे लागू नका. त्यात फिकट अक्षरे जातात. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र 'स्पष्ट' करणारी साधने तर इथे पूर्ण वर्ज्य समजा. ती धूसर अक्षराच्या जागी स्वतःच्या अंदाजाचे अक्षर ठेवतात. हा धोका नवा नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्सची काही यंत्रे स्कॅन करताना सहाच्या जागी आठ छापत होती. दाबणीची पद्धत सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच समजून एकीच्या जागी दुसरी ठेवत होती. त्या पद्धतीचे नाव जेबिग-२. पीडीएफ बनवताना हा पर्याय दिसला तर त्याचा माहिती गाळणारा प्रकार बंद ठेवा. प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला की प्रोग्रॅम चालत नाही, आणि किमतीतला बदलला की इतिहास चुकतो.

मजकूर शोधता यावा म्हणून अक्षरओळख करून घ्या. टेसरॅक्ट हे मोफत साधन इंग्रजीबरोबर मराठीही वाचते. दोन्ही भाषा एकत्र निवडता येतात. लेखांमध्ये थोड्या चुका राहिल्या तरी शोधापुरते चालते. प्रोग्रॅमच्या याद्यांचे तसे नाही. शून्य आणि ओ, एक आणि एल यांत यंत्र हमखास गोंधळते. ज्यांना हा प्रोग्रॅम पुन्हा चालवून बघायचा आहे त्यांनी तो हाताने तपासावा. 'कॉम्प्यूट!'च्या प्रकाशकांनी १९८३ मध्ये 'ऑटोमॅटिक प्रूफरीडर' दिला होता. टाइप केलेल्या प्रत्येक ओळीची तो बेरीज काढून दाखवायचा आणि ती छापील आकड्याशी जुळवायची. तेच आकडे आज अक्षरओळखीची चूक पकडायला वापरता येतात.

अंकाबरोबर आलेली तबकडी

अंकासोबत मिळालेली फ्लॉपी किंवा सीडी हा अंकाचाच भाग आहे, आणि ती कागदाच्या आधी मरते. म्हणून खरे तर कामाला तिच्यापासून सुरुवात करावी. 'पीसीक्वेस्ट'ने लिनक्स सीडीवर वाटले आणि पुढे 'पीसीक्यू लिनक्स' नावाने दिले; ज्या काळात टेलिफोनच्या तारेवर काही एमबी उतरवायला रात्र जायची, त्या काळात लहान शहरांतल्या कितीतरी विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअर भेटले ते असे. सीडीवरच्या फायली नुसत्या कॉपी करू नका. पूर्ण तबकडीची आयएसओ प्रतिमा काढा. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू हे साधन पुन्हा पुन्हा वाचून जमेल तेवढे मिळवते. फ्लॉपीसाठी ग्रीझवीझल नावाचा स्वस्त सर्किट बोर्ड मिळतो. तो जुन्या ड्राइव्हला जोडला की चुंबकीय नोंदच टिपतो. तबकडीची दर्शनी बाजू आणि पाकीटही स्कॅन करा. जुन्या तबकडीत विषाणू असू शकतो. तो काढून टाकू नका, प्रतिमा जशी आहे तशी ठेवा आणि वर्णनात स्पष्ट इशारा लिहा. सीडीतल्या सॉफ्टवेअरचे हक्क मासिकाच्या हक्कांहून वेगळे असतात, हे परवानगीच्या पत्रातही लक्षात असू द्या.

फ्लॉपी-सीडीखेरीज इतर माध्यमेही भेटतात. 'इंटरफेस एज'ने मे १९७७च्या अंकात पातळ प्लॅस्टिकची ग्रामोफोन तबकडी घातली होती आणि तिच्यात बेसिक भाषा आवाजाच्या रूपात भरलेली होती. ब्रिटिश मासिकांसोबत कॅसेट यायच्या. त्या दाबणीशिवाय वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये उतरवा. एमपी-३ मध्ये नाही.

चढवताना

फायलीचे नाव मासिक, वर्ष, महिना या क्रमाने द्या, महिना दोन आकड्यांत. मग यादी आपोआप क्रमाने लागते. वर्णनात खंड, अंक, प्रकाशनाचे गाव, प्रकाशक, किंमत, पृष्ठसंख्या, भाषा, स्कॅनचे डीपीआय आणि गहाळ पाने लिहा. गहाळ पानांची कबुली विशेष महत्त्वाची आहे. ती वाचून ज्याच्याकडे ते पान आहे तो पुढे येतो. मुखपृष्ठावरच्या मुख्य विषयाची एक ओळ मराठीतही घाला. इंटरनेट अर्काइव्हवर खाते उघडून पीडीएफ चढवता येते, किंवा पानांच्या चित्रांची झिप देता येते. अक्षरओळख आणि पाने उलटून वाचायची सोय तिथली यंत्रणा करते. त्यासाठी भाषेचा रकाना बरोबर भरा. अंकाच्या जालपत्त्यात येणारी ओळखखूण नंतर बदलत नाही, म्हणून ती विचार करून द्या. परवानगी मिळाली नसेल तर परवान्याच्या रकान्यात मनाने काही निवडू नका.

आणि सगळा भार एका ठिकाणावर टाकू नका. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून इंटरनेट अर्काइव्ह भारतात काही काळ बंद होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते जगभर काही दिवस ठप्प झाले. मूळ टिफ दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या घरी किंवा वाचनालयात. वर्षातून एकदा दोन्ही जोडून फायली उघडतात का ते बघा. स्कॅन झाला म्हणून कागद फेकू नका. खोक्यात आडवा रचून, जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीला न टेकता ठेवा, किंवा ग्रंथालयाला द्या.

ज्यांना यातले काहीच करायला वेळ नाही, त्यांनी निदान एक करावे. या आठवड्यात गठ्ठा खाली काढून मासिकाचे नाव, महिना आणि वर्ष यांची यादी करावी, आणि ती जवळच्या वाचनालयाला किंवा हे काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला पाठवावी. आपल्याला हवा असलेला अंक कुणाकडे आहे हे कळले, तर तो न्यायला माणसे दुसऱ्या जिल्ह्यातून येतात.